गाडीतला वास

सुभेदार हिंमतराव घाडगे यांचं नाक फार पूर्वीच कामातून गेलं होतं. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं लांब आणि सरळ, खालच्या मिशांना शोभेल असं. पण वास म्हणून त्याला येत नव्हता. फौजेच्या वर्कशॉपात उभी हयात पेट्रोल-डिझेलमध्ये हात घालून बसलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? घरात दूध करपलं तरी त्यांना ते धूर दिसल्यावर कळायचं.

घरातलं खरं नाक शेवंताबाईंचं. नवरा ड्यूटीवरून आला की त्या त्याला दारातच थांबवत आणि निकाल देत, "आज डिझेल हाय," नाहीतर "आज पेट्रोल." पेट्रोलच्या दिवशी वर्दी बाहेरच्या तारेवर जायची, हिंमतराव तडक न्हाणीघरात जायचे, आणि ते आंघोळ करून बाहेर येईपर्यंत घरात काडी ओढली जायची नाही. हा नियम हिंमतरावांचाच. लग्न होऊन माण तालुक्यातून पहिल्यांदा फौजी क्वार्टरमध्ये आलेल्या बायकोला त्यांनी चहा-साखरेचे डबे दाखवायच्या आधी हे शिकवलं होतं. पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. वाफ दिसत नाही, नुसता वास येतो. वास आला की काडी ओढायची नाही, मग देवाचा दिवा राहिला तरी चालेल.

शेवंताबाईंनी ते असं काही मनावर घेतलं की पठाणकोटला एका दिवाळीत शेजारच्या हवालदाराची स्कूटर अंगणात आडवी पडली आणि थोडं पेट्रोल सांडलं, तर क्वार्टरांची सगळी लाइन पणत्यांनी उजळलेली आणि घाडग्यांचं दार अंधारात. बायका हसल्या. शेवंताबाई वास पुरता जाईपर्यंत दारात राखण करत बसल्या. हिंमतराव ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत, बायकोची थट्टा करत, आणि मनातून फुगत.

आता हिंमतराव निवृत्त होऊन दिल्लीत, द्वारकेच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहत होते. मुलगी अहिल्या नोएडाला नोकरीत होती. दारात फौजी कँटीनमधून घेतलेली पांढरी छोटी गाडी उभी असायची. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांचं आयुष्य, आणि हिची पंधरा भरत आली होती. "बाबा, अब बेच दो ना यार," असं अहिल्या दर फोनवर म्हणायची. हिंमतराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मे महिन्यातली दुपार होती. शेवंताबाईंना सरोजिनी नगरच्या बाजारातून उशांचे अभ्रे आणायचे होते. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, एसी गार व्हायला लागला, आणि शेवंताबाई म्हणाल्या, "आवो, गाडीत पेट्रोलचा वास येतोय."

एरवी कुठल्याही नवऱ्याने म्हटलं असतं, बघतो घरी गेल्यावर. हिंमतरावांनी मात्र गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. शेवंताबाईसुद्धा पुढे बघत बसल्या. दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती.

आदल्या वर्षी शेवंताबाईंच्या डोक्यात गाठ निघाली होती. लष्करी इस्पितळात ऑपरेशन झालं, कानामागून वरपर्यंत टाके पडले, केस पुन्हा आले ते पांढरे आणि कुरळे आले. गाठ निघाली त्याआधी काही महिने शेवंताबाईंना मधूनच रबर जळल्याचा वास यायचा. घरात कुठेच काही जळत नसायचं. हिंमतराव म्हणायचे, "तुझं नाक लई तेज झालंय, गल्लीपलीकडचं काहीतरी असंल." तो वास नाकात नव्हता, डोक्यात होता, हे पुढे कळलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई बजावून म्हणाल्या होत्या, "माताजी, कोई भी बदबू आए जो दूसरों को न आए, तो फौरन आना. सिरदर्द का इंतजार मत करना." शेवंताबाईंनी मान हलवली होती. हिंमतरावांनी तर "यस मॅडम" म्हणून टाचा जुळवल्या होत्या.

आणि आता पेट्रोलचा वास. इतरांना येतो की नाही हे बघायला गाडीत इतर कोण होतं? हिंमतराव होते, आणि त्यांचं नाक मेलेलं होतं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. काही कळलं नाही. पुन्हा घेतला. आपल्या नाकाचा एवढा संताप त्यांना जन्मात आला नव्हता.

"असंल कुठंतरी लीकेज," ते म्हणाले. "जुनी गाडी हाय."

"हां, जुनी हाय," शेवंताबाई म्हणाल्या. अभ्रे राहिले. गाडी घरी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं चढायच्या आत, हिंमतरावांनी वरच्या मजल्यावरच्या श्यामकांत देवस्थळींना खाली बोलावलं. देवस्थळी कृषी मंत्रालयातून निवृत्त झालेले, सज्जन आणि गप्पिष्ट. त्यांना गाडीतलं स्टिअरिंगसुद्धा धड धरता येत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. हिंमतरावांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, मग पुढच्या, मग बॉनेटपाशी वाकवलं.

"हिंमतराव, खरं सांगू? काही नाही. थोडा धुळीचा वास आहे. वहिनींना आला का?"

"बिल्कुल नाही का? जरासासुद्धा?"

"नाही हो."

हिंमतरावांनी देवस्थळींना ऑपरेशनचं सगळं सांगितलेलं होतं. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य मात्र सांगितलं नव्हतं. ते आजही त्यांनी गिळलं. वर जाताना देवस्थळी म्हणाले, "वहम असेल, यार, नुसता भास." हिंमतरावांना तो शब्द चाबकासारखा लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेवंताबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?" हिंमतराव हात पुसत म्हणाले, "येतो म्हणाले. हलकासा." आयुष्यात बायकोशी ते फार खोटं बोलले नव्हते. हे मात्र धडधडीत बोलले, आणि शेवंताबाईंचा चेहरा एवढा सैल पडला की त्यांना आपलंच खोटं खरं करून दाखवायची ईर्ष्या चढली.

माणूस इस्पितळात का गेला नाही, असं कोणी विचारेल. विचारायला सोपं आहे. ज्याने एकदा ते टाके बघितलेत, पट्टीखालचा बायकोचा तो सुजलेला, अनोळखी चेहरा बघितलाय, त्याला दुसऱ्यांदा त्या दाराशी जाण्याआधी जगातली प्रत्येक गाडी खोलून बघावीशी वाटते. हिंमतरावांना गाडीत बिघाड हवा होता. जसा कोणी देवाकडे मूल मागावं, तसा ते बिघाड मागत होते.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही, पण डोकं चाललं. वर्कशॉपात शिकलेली पहिली गोष्ट आठवली. बिघाड ज्या वेळी आला त्या वेळेला शोधावा. देवस्थळींना त्यांनी सकाळी बोलावलं होतं, गारव्यात. शेवंताला वास आला होता भर दुपारी, रात्रीच टाकी भरून आणलेली असताना. वाफ व्हायला ऊन लागतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये! भीतीने माणूस आपलं कामसुद्धा विसरतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी झाडाखालून काढून उघड्या मैदानात नेली आणि उन्हात तापत ठेवली. पत्र्यावर हात ठेववेना तेव्हा वर जाऊन, झोपलेल्या देवस्थळींना उठवलं. देवस्थळी अर्ध्या चड्डीत, डोळे चोळत, शिव्या मनातल्या मनात देत आले. हिंमतरावांनी दार उघडलं.

देवस्थळी एकदम मागे सरले. "अरे बापरे! येतोय की! चांगलाच येतोय. डोकं भणभणेल माणसाचं!"

हिंमतरावांनी त्यांना तिथेच, भर उन्हात, कवटाळलं. देवस्थळींना काही कळेना. साठी उलटलेला सुभेदार पेट्रोलच्या वासाने रडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. हिंमतराव तसेच धावत घराच्या खिडकीशी गेले आणि ओरडले, "शेवंता, श्यामकांतरावांनाबी आला! जोरात आला!" शेवंताबाई कणीक मळत होत्या. त्यांनी पिठाच्या हातानेच पदर डोळ्यांना लावला आणि कपाळभर पीठ लावून घेतलं. म्हणाल्या, "मी म्हणतच होते."

मग हिंमतराव कामाला लागले. आता ते शोधणारे होते, घाबरणारे नव्हते. बॅटरीची तार काढली. आसपास कोणी बिडी पेटवू नये म्हणून चौकीदाराला दम भरला. टाकीची वाफ इंजिनाकडे नेणारी नळी सोडवून तिला सायकलचा पायपंप जोडला आणि टाकीत हलक्या दाबाने हवा सोडली. देवस्थळींना पंपावर उभं केलं. स्वतः साबणाच्या पाण्याची बादली आणि दाढीचा ब्रश घेऊन एकेक सांधा ओला करत गेले. झाकणाचं रबर ठीक होतं. मागच्या सीटखाली टाकीचं तोंड असतं, तेही ठीक. मागच्या चाकाच्या वर, पेट्रोल भरायच्या नळीशेजारी जी बारीक रबरी नळी जाते, तिथे ब्रश लागला आणि बुडबुडे आले. एकापाठोपाठ एक, बाळाच्या तोंडातून फेस यावा तसे.

"थांबा, थांबा! पंप मत मारो!" हिंमतराव गाडीखालून ओरडले. आनंदात त्यांच्या तोंडून फौजेतली हिंदी निघायची. नळीला चीर गेली होती. कश्मीरी गेटच्या स्पेअर-पार्टच्या बाजारातून नवी नळी आणली, बसवली, पट्ट्या कसल्या, पुन्हा साबण लावून बघितलं. बुडबुडा नाही.

पुन्हा उन्हातली परीक्षा. देवस्थळींनी नाक आत घातलं आणि म्हणाले, "कमी आहे. पण आहे."

दुसरा कोणी असता तर वैतागला असता. हिंमतरावांना बरंच वाटलं. अजून काही सापडायचं आहे म्हणजे गाडी अजून दोषी आहे. त्यांनी बॉनेट उघडलं. पुढच्या कोपऱ्यात एक काळा डबा असतो, आत कोळशाचे दाणे भरलेले. टाकीची वाफ तो कोळसा शोषून घेतो आणि इंजिन चालू झालं की तीच वाफ इंजिनात जाळायला देतो. त्यांच्या जमान्यातल्या फौजी ट्रकांना असला डबा नव्हताच, म्हणून त्याच्याकडे त्यांचं लक्ष कधी गेलं नव्हतं. त्यांनी तो सोडवून हातात घेतला. कोळशाचा डबा हलका असायला हवा. हा जड होता. हलवला तर आत चुबुक चुबुक वाजलं. डब्यात वाफेऐवजी नुसतं पेट्रोल भरलं होतं. कोळसा भिजून चिखल झाला होता. आणि तापलं की सगळी वाफ डब्याच्या तोंडातून बाहेर पडून, काचेखालच्या जाळीतून सरळ एसीबरोबर आत जात होती.

डब्यात पेट्रोल शिरलं कसं? हिंमतराव डबा हातात धरून क्षणभर उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फौजेत गाडी रात्री उभी करायची ती टाकी गळ्यापर्यंत भरूनच. हुकूम कधी येईल सांगता येत नाही. ती सवय त्यांनी पेन्शनीतही सोडली नव्हती. पेट्रोलपंपावरच्या नळीची बंदूक खट्ट वाजून थांबली की पंपवाला म्हणायचा, "हो गया साहब," आणि हिंमतराव म्हणायचे, "और डालो, जितना जाए." तो ज्यादाचा घोट वर्षानुवर्षं ह्या डब्यात जात होता. गाडी त्यांनी स्वतःच्या हाताने नासवली होती.

स्वतःची चूक सापडल्यावर एवढा खूश झालेला माणूस विरळा. ते डबा नाचवत घरात गेले. "शेवंता, माझीच गलती! मीच बिघडवली गाडी, मीच!" शेवंताबाईंनी त्यांना दारातच अडवलं, "आधी ते भाईर ठेवा. अन् हात धुवा." मग दोघंही हसले. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कोणी तसं मोकळं हसलं होतं. त्या संध्याकाळी हिंमतरावांना हात साबणाने दोनदा धुवायला लावून, ते हुंगून बघून, मगच शेवंताबाईंनी शिऱ्यासाठी गॅस पेटवला.

नवा डबा बसला. गाडी पुन्हा उन्हात तापवली. देवस्थळींनी पुढे हुंगलं, मागे हुंगलं, पायपुसणंसुद्धा उचलून हुंगलं. "आता काही नाही. शपथेवर सांगतो." मग शेवंताबाई आत बसल्या. काचा बंद केल्या. हिंमतराव बाहेर उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवंताबाईंनी श्वास घेतला, थोडा वेळ डोळे मिटले, आणि काच खाली करून म्हणाल्या, "न्हाई. काईच न्हाई आता."

हिंमतरावांचा जीव भांड्यात पडला.

त्या रविवारी दोघं अहिल्याकडे नोएडाला निघाले. बाहेर लू वाहत होती, रस्ता तव्यासारखा तापला होता. एसी छान चालला होता. यमुनेच्या पुलावर शेवंताबाईंनी हळूच आपल्या बाजूची काच चार बोटं खाली केली. गरम वारा भस्सकन आत आला.

"का गं?"

"जरा मोकळी हवा. एसीनं कान दुखतो."

हिंमतरावांनी पुढे बघून गाडी चालवली. त्यांना प्रश्न पडला नाही असं नाही. पण तो त्यांनी मनात टिकू दिला नाही. अहिल्याकडे त्यांनी कोळशाच्या डब्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि शेवंताबाई हसायच्या जागी हसल्या.

दोन-चार दिवस गेले. संध्याकाळी हिंमतराव भाजी घेऊन घरी आले तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. दार सताड उघडं होतं. सगळ्या खिडक्या उघड्या, पडदे बाहेर फडफडताहेत, घरभर धूळ. देवापुढचा दिवा लावलेला नव्हता. ओट्यावर डाळ भिजून फुगली होती, गॅस थंड होता. शेवंताबाई दारालगतच्या स्टुलावर बसल्या होत्या, राखण करत बसल्यासारख्या. काडेपेटी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

हिंमतरावांनी पिशवी खाली ठेवली. पठाणकोटची ती दिवाळी त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"दिवा न्हाई लावला?"

शेवंताबाईंनी वर पाहिलं. आता लपवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "वास येतोय," त्या म्हणाल्या. "दुपारधरनं. म्हणून काडी न्हाई ओढली."

"कुठं येतोय?"

"घरात. देवापाशी. माझ्या हाताला." त्यांनी तळवा नाकाशी नेला आणि खाली केला. "गाडीतबी येत होता. तुमी लई खुशीत होता, म्हणून बोलले न्हाई."

हिंमतराव घरभर फिरले. न्हाणीघर पाहिलं, माळा पाहिला, चपलांचं कपाट पाहिलं. कामाचे जुने कपडे त्यांनी कधीच टाकून दिले होते. घरात पेट्रोलचा थेंब नव्हता हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते शोधत होते. ओट्याखाली वाकले, गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. त्यांनी पुन्हा लावलं. ब्रश हातात धरून ते कितीतरी वेळ त्या कोरड्या पडत जाणाऱ्या साबणाकडे बघत बसले. मग हाक मारून देवस्थळींना बोलवावं, असं मनात आलं. नाही बोलावलं. देवस्थळी काय म्हणतील ते त्यांना माहीत होतं.

ते उठून दाराशी आले, शेवंताबाईंसमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या मुठीतून काडेपेटी सोडवून घेतली.

"आवो, नका!" शेवंताबाई किंचाळल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. "वास येतोय, नका ओढू!"

"सोड, शेवंता."

त्यांनी काडी ओढली.

काही झालं नाही. काडी सरळ, शांत जळत राहिली. आयुष्यभर त्यांनी ह्याच एका ठिणगीची भीती बाळगली होती, आणि आज ती भडकली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं. घर जळालं असतं तरी चाललं असतं. शेवंताबाई ज्योतीकडे बघत होत्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट हळूहळू सोडलं. आता त्यांनाही कळलं.

हिंमतराव ती काडी तशीच आडोशाने धरून देवापाशी गेले आणि दिवा लावला. शेवंताबाईंनी बसल्या जागेवरून हात जोडले.

"सकाळी जायचं का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच जाऊ. फौरन म्हणाल्या होत्या बाई."

त्यांनी कपाटातून इस्पितळाची फाइल काढली. बायकोची शाल, पाण्याची बाटली आणि औषधं पिशवीत घातली. गाडीपाशी येऊन दार उघडून धरलं. शेवंताबाई आत बसल्या आणि त्यांनी सवयीने काचेकडे हात नेला.

"उघडू का?"

"उघड की," हिंमतराव म्हणाले, आणि आपल्या बाजूची काचसुद्धा पूर्ण खाली केली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिच्यात आता काहीही बिघाड नव्हता.